मागच्या दारातली घागर

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. आम्ही बौद्ध. नवस, अंगात येणं, असलं काही घरात चालत नव्हतं. तरी हे लिहून राहिलोय... आई गेली, आता लपवून काय करू?

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. आमच्या बँकेचं मुख्यालय जुन्या पेठेत, गल्लीतला आड बुजवून बांधलेलं. चार मजले, काचेची दारं, आणि बाहेर जीप वळवायला जागा नाही. मी तिथं प्रशासन अधिकारी. त्या साली दुष्काळ लई वाईट. बोअरला पाणी फक्त आमच्या आवारात, त्यामुळं बायांची रीघ लागायची. बाहेरच्यांना पाणी बंद, हा हुकूम मीच काढला. साहेबांनी पाठ थोपटली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

एका दुपारी मागच्या दाराशी एक बाई बसलेली. तिशी-पस्तिशीची, ओठ फाटलेले, शेजारी पितळी घागर. नळ तिच्यापासून हातभर लांब.

"साहेब, वरून वता की जरा."

"बंद हाय पाणी. उठा."

उठली नाही. नळालाही शिवली नाही. दुसऱ्या दिवशी परत तिथंच, परत तेच — "वरून वता." माझं डोकं फिरलं. तिच्यादेखत नळाची चावी काढून खिशात टाकली.

तिसऱ्या दिवशी नुसती घागर होती. शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, "कोन बाई, साहेब? दोन दिस तुमी एकलेच बोलून राहिलात."

घागर घरी आणली, आईला सगळं सांगितलं. तिनं घागरीच्या गळ्याला बांधलेल्या तारेवरून बोट फिरवलं.

"ही मीच पाडली हुती, ल्हान असताना. तार मायनं बांधली."

आजी आईच्या लहानपणी गेली, एवढंच मला माहीत होतं. कशी गेली ते मी कधी विचारलंच नव्हतं. ते आईनं आता सांगितलं. पेठेतल्या त्याच आडापाशी. आपल्या लोकांनी आडाला शिवायचं नाही, कुणी वरून ओतेपर्यंत बसून राहायचं. तशाच एका दुष्काळात ती दोन दिवस बसली. कुणी ओतलं नाही. तिसऱ्या दिवशी तिथंच गेली. घागर काही सापडली नव्हती.

आईनं घागर जवळ ओढली. मग म्हणाली, "पानी दिलंस नव्हं रं तिला?"

"दिलं," मी म्हणालो.

तिनं घागर पालथी केली. ओंजळभर कोरडी माती फरशीवर पडली.

ती बाई मलाच का दिसली, घागर कुठून आली, मला आजही सांगता येत नाही. आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. माझ्या हातचं पाणी तिनं परत घेतलं नाही.