नदीवर घातलेला आळ

आमच्या घरात नदीने कोणालाच मारलं नाही.

हे कळायला माझा भाऊ जावा लागला. निलेश. आज वर्ष झालं.

आमचं गाव चामटोली. आधी काका नदीत गेले, मग बाबा विहिरीत. दोघंही पट्टीचे पोहणारे, भर पुरात पलीकडे जाऊन यायचे. तरी बुडाले. कोणीतरी सांगितलं, या घराला पाण्यापासून घात आहे. झालं! आई दरवर्षी नदीला नारळ द्यायला लागली आणि निल्याला पाण्यात पाय घालू देईना.

विसर्जनाला अख्खी आळी पाण्यात, आणि हा घोडा काठावर सगळ्यांच्या चपला सांभाळत उभा.

"ताई, मी काय साखरेचा आहे का, विरघळायला?"

बदलापूरला सोसायटीची मॅच होती. कोरडी ठणठणीत जमीन. दुसरी रन घ्यायला पळाला आणि मध्येच तोंडावर पडला.

पोरं ओरडली, "ए निल्या, नाटक नको करू, ऊठ ना!"

नाही उठला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "घरात आधी कोणी असं तरुणपणी अचानक गेलंय?"

आई म्हणाली, "नाही हो. दोघं गेले, पण ते पाण्यात."

"पोहता येत होतं त्यांना?"

आई रडायची थांबली.

डॉक्टर म्हणाले, हृदयाची लय बिघडायचा आजार असू शकतो, रक्तातून येतो. पळताना, पोहताना ठोका एकदम चुकतो आणि माणूस जातो. घरातल्या सगळ्यांचे ईसीजी काढा.

माझा नॉर्मल आला. निल्याच्या मुलीचा, स्वराचा, काढायला मात्र वर्षभर सगळे आडवे आले. "मुलीची जात, उद्या लग्न कोण करेल?" अरे, आधी तिला जगू तर द्या!

मागच्या आठवड्यात ती शाळेत पळताना चक्कर येऊन पडली. शुद्धीवर आली, नशीब आमचं. तशीच उचलून मी तिला ईसीजी काढायला घेऊन गेले. कोणाला विचारलं नाही.

आहे तिला. तोच आजार.

गोळ्या चालू झाल्यात, पळापळी बंद. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

ज्यांच्या घरात तरणा माणूस अचानक गेलाय, पाण्यात, गाडीवर, झोपेत, कसाही, त्यांनी पोरांचा ईसीजी काढा. हात जोडते.

काल गोळी घेताना स्वरा म्हणाली, "आत्या, पप्पांना का नाही दिली ही?"

"माहीतच नव्हतं गं बाळा."

"मग मी पडले नसते तर मला पण दिली नसती?"

निल्या, तुझ्या पोरीला सांभाळते. तू जा आता निवांत.

तुझी ताई