मोटारीची खांदमळणी

सखाराम गेल्याची बातमी मला आधी भोंपूनं सांगितली, माणसानं नंतर. जऊळक्याच्या स्टेशनावर गाडीतून उतरलो, पिशवी सावरत बाहेर आलो, आणि भोंपू वाजला नाही. गेली वीस-बावीस वर्षं स्टेशनासमोरच्या कडुनिंबाखाली सखारामची दमणी उभी असे. दोन बैल, वर ताडपत्रीचं छप्पर, आणि पुढं दांडीला मोटारीचा रबरी भोंपू बांधलेला. ओळखीचा माणूस उतरला की तो भोंपू एकदा वाजे; ज्याला सल्ल्याची गरज आहे असा माणूस उतरला की दोनदा. मला तो कायम दोनदाच वाजत आला. त्या दिवशी झाडाखाली नुसता कडबा पडला होता. हमाल जवळ येऊन म्हणाला, "भाऊसाहेब, परवा गेला सखाराम." माझ्या पिशवीत अकोल्याहून आणलेला जाड, पांढरा कागद होता. तो सखारामसाठीच होता. मी पोचायला उशीर केला... तसा तो मी बावीस वर्षं करतच होतो.

सखारामच्या दमणीत बसलेल्या माणसाला आमच्या गावापर्यंतच्या रस्त्यात उपदेश ऐकावाच लागे, आणि त्या उपदेशाचे टप्पे ठरलेले होते. नाल्यापर्यंत कामधंदा, नाल्यापासून आंब्यांपर्यंत पैसा, आणि पुढं गावाची शीव येईपर्यंत माणसानं स्वतःची काय किंमत ठेवावी हे. मोटारीचा विषय मात्र त्याला कुठंही सुचे. मोटार आणि जावई यांचं सगळं ऐकावं, पण उतारावर दोघांचाही भरवसा धरू नये, असं तो नव्या सासऱ्यांना सांगायचा. पैसा मोटारीतल्या पाण्यासारखा असावा म्हणे; कमी पडला तर माणूस तापतो, आणि जास्त भरला तर पहिल्याच खड्ड्यात बाहेर सांडतो. एकदा एक शाळामास्तर या उपदेशाला वैतागून नाल्यातच उतरून चालू लागले. सखारामनं बैल त्यांच्या चालीनं चालवले आणि उरलेला उपदेश बाजूनं पुरा केला.

लोक हसत, ऐकत, आणि पाठीमागे त्याला 'बिनब्रेक्या' म्हणत. ते नाव त्याला माझ्यामुळं पडलं. ते कसं पडलं, हे आजवर मी कोणालाच सांगितलेलं नाही.

पहिलं महायुद्ध संपून चार-सहा वर्षं झाली असतील. कापसाला बरे दिवस होते आणि माझ्या वडिलांनी, ते गावचे पाटील, अमरावतीहून एक जुनी मोटार आणली. सखाराम माझ्याबरोबर गावच्या शाळेत होता. पुढं तो अकोल्याला जाऊन मोटार शिकून आला होता, म्हणून वडिलांनी त्यालाच ठेवलं. खाकी टोपी घालून तो समोर बसला की आम्ही मागचे त्याचे नोकर वाटायचो. वडिलांनी एकदा त्याला सांगितलं, मोटार दिवसभर उभीच असते, तेव्हा मधल्या वेळात म्हशींचंही पाहत जा. सखारामनं टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "दादासाहेब, म्हशीले दुसरा मानूस पाहा. माही किंमत दोघीत वाटू नका." वडील चिडले, पण म्हशीला दुसरा माणूस आला.

त्या वर्षी पोळ्याला मोटार तोरणाखाली न्यायची असं वडिलांच्या मनात आलं. वर्षभर तिनंही आम्हाला वाहिलं होतं. मग ती बैलांच्या रांगेत का नको? पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांची खांदमळणी असते. जू घासून घासून बैलाचा खांदा सोलवटतो, त्यावर हळद आणि तूप चोळायचं आणि बैलाला म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैलांचे खांदे मळून झाले. वाटीत तूप उरलं. मला मोटारीची आठवण झाली. पण मोटारीचा खांदा कुठला? सखारामला सकाळी मी सहज विचारलं होतं, हिला सगळ्यात जास्त कुठं घासतं? त्यानं मागच्या चाकामागचा लोखंडी डबा दाखवला होता. थांबायचं म्हटलं की त्याच्याभोवतीचा पट्टा आवळतो, तिथंच सगळं घासणं. मला त्या डब्याची खरोखर दया आली. सखाराम जेवायला गेला असताना मी खाली वाकून दोन्ही चाकांचे डबे हळद-तुपानं मनसोक्त मळले, पट्ट्याच्या आतही बोट फिरवलं, आणि मोटारीला आवतणही दिलं.

दुसऱ्या दिवशी ती जेवायला तळ्यात गेली.

दिव्यांना बेगड, तोंडाला बाशिंग, मागच्या गादीवर जरीच्या पागोट्यातले वडील. बैल तोरणाखालून गेले, त्यामागं मोटार निघाली. मारुतीच्या देवळापाशी, तोरणाच्या अलीकडंच, तळ्याकडं जाणारा उतार लागतो. सखारामनं ब्रेक दाबला, आणखी दाबला, मग उभा राहून दाबला. वडील म्हणाले, "थांबव." तोरण मोटारीच्या गळ्यात अडकून तिच्याबरोबर निघालं. वडील पुन्हा म्हणाले, "थांबव." तिसऱ्यांदा त्यांनी तेच म्हटलं तेव्हा पाणी त्यांच्या कमरेला लागलं होतं आणि मोटार आपोआप थांबली होती. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण पाच गावांच्या लोकांदेखत पाटलाचं पागोटं तळ्यावर तरंगत होतं.

सखाराम पाण्यात उतरला, वाकून मागच्या चाकाला हात लावला, आणि तो हात नाकाशी नेला. मग त्यानं काठावर माझ्याकडं पाहिलं. मी तळ्यावर तरंगणाऱ्या पागोट्याकडं पाहिलं.

वडिलांनी त्याच दिवशी त्याला काढलं. मी एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर फार तर दोन दिवस शिव्या खाव्या लागल्या असत्या. इतक्या स्वस्तात सुटलो असतो. पण एवढ्यावर भागलं नाही. महिन्यानं जवळच्या मालेगावच्या एका मोटार-सर्व्हिसवाल्यानं सखारामला प्रवासी मोटारीवर घ्यायचं ठरवलं आणि आमच्याकडून दाखला मागितला. माझं अक्षर चांगलं म्हणून वडिलांनी लिहायला मला बसवलं. मी लिहिलं: 'मोटार चालवितो, परंतु ब्रेक वेळेवर लावीत नाही.' पाकीट बंद करून मी ते सखारामच्याच हाती दिलं. त्यानं ते मालेगावला नेलं, आणि मालकानं ते त्याच्यासमोर मोठ्यानं वाचलं.

त्यानंतर सखाराम पुन्हा मोटारीवर बसला नाही. त्यानं दमणी घेतली, आमच्या मोडक्या मोटारीचा भोंपू भंगारातून उचलून तिला बांधला, आणि दुसऱ्या लढाईत पेट्रोल मिळेनासं होऊन मोटारी दारात धूळ खात बसल्या तेव्हा त्यांच्यासमोरून भोंपू वाजवत गेला. मी त्याच्या दमणीत शेकडो वेळा बसलो. त्यानं मला धंदा शिकवला, पैसा शिकवला, मुलीच्या लग्नात कुठं वाकावं आणि कुठं ताठ राहावं हे शिकवलं. माणसानं आपली किंमत कशी ठेवावी हा शेवटचा टप्पा मात्र मी बसलो असताना तो गाळायचा. तेवढा रस्ता तो नुसते बैल हाकायचा.

मागच्या महिन्यात तो आजारी आहे कळलं म्हणून त्याच्या घरी गेलो. माझ्याच्यानं आता राहवेना. म्हणालो, सखाराम, ते तूप...

"साजूक होतं," तो म्हणाला. "मले त्याच दिशी वास आला, भाऊ."

मग इतकी वर्षं बोलला का नाहीस, असं मी विचारलं.

"मी काहून बोलू? तूप तुमी लावलं, चिठ्ठी तुमी लिहली. मी वाट पाहून राह्यलो होतो."

मी हात जोडले. तो बाजेवर उठून बसला आणि म्हणाला, हात राहू द्या, चिठ्ठी आणा. जशी ती लिहिली तशी दुसरी. मी वेड्यासारखं विचारलं, या वयात कुठली नोकरी धरणार आहेस?

"नोकरीसाठी नाई. तुमचं अक्षर चांगलं हाये," तो म्हणाला. "आनि कागद जरा भारी आनजा. मागचा पातळ होता."

म्हणून मी अकोल्याला गेलो होतो. तिथं दोन दिवसांचं काम चार दिवस रेंगाळलं.

त्याच्या मुलानं परवा भोंपू आणून दिला. बाप सांगून गेला होता म्हणे, कागद आणला तरच द्यायचा. तो आता माझ्या ओसरीच्या खुंटीला आहे. रबर चिरलं आहे, दाबला की अर्धाच वाजतो. त्याच्याखाली बसून मी त्या भारी कागदावर चिठ्ठी लिहिली आणि ती त्याच्या मुलाच्या हाती दिली. पण पहिली चिठ्ठी मोठ्यानं वाचली गेली होती. तेव्हा हीही सगळ्यांनी ऐकावी, म्हणून इथं उतरवतो.

'दाखला देतो की, सखाराम यांस मी लहानपणापासून ओळखतो. ते मोटार उत्तम चालवितात. ब्रेक वेळेवर लावितात.'