डोकेदुखीची प्रार्थना

शिवाजी पेठेत फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की सुवार्ता घाटगेच्या शिलाई मशीनला उसंत नसते. तालमींच्या फुटबॉल संघांतल्या पोरांचे टी-शर्ट, त्यावर नंबर, वर रोज तगादा. बाईचा हात असा की शिवण उसवून दाखवा म्हणावं! पण त्या आठवड्यात मशीन सुरू केलं की खडखडाटात कुणीतरी बोलायचं. तू घाण हायस. तुझ्यामुळं हे घर बुडणार. मशीन थांबवलं तरी बोलणं थांबत नव्हतं.

आवाज ओळखीचा होता. लग्नानंतर काही वर्षांनी तो पहिल्यांदा आला, तेव्हा ती अनवाणी रंकाळा तलावापर्यंत चालत गेली होती आणि नवऱ्यानं, शमुवेलनं, तिला काठावरून ओढून आणलं होतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. गोळ्यांनी आवाज दबला, पण जगायची इच्छा काही गोळीतनं येईना. ती आली प्रार्थनेतनं. दवाखान्यात पडल्या पडल्या तिला आठवलं, येशूच्या घरचेसुद्धा एकदा त्याला भ्रम झालाय म्हणून धरून न्यायला आले होते. म्हणजे त्याला हे ठाऊक आहे! तेवढ्या आधारावर बाई उठून बसली.

मग आवाज परत का आला? तर ऐका. त्यांच्या चर्चमध्ये दर रविवारी प्रार्थनेच्या विनंत्या घेतात. कुणाचा गुडघा, कुणाची शुगर, कुणाच्या पोराची नोकरी, माणसं उभी राहून बिनधास्त सांगतात. पण मनाचा आजार? नाव काढायचं नाही. सासूबाईंनी, म्हणजे आक्कांनी, सुरुवातीलाच ठोकून दिलं होतं की सुनेचं डोकं दुखतंय. चर्चच्या मंडळीनंही बिचारीनं वर्षानुवर्षं मनापासून डोकेदुखीसाठी प्रार्थना केली. सून हसती-बोलती दिसायला लागली तशी आक्कांनी परस्पर चर्चच्या पाळकांना कळवून टाकलं, डोकं बरं झालं, पुढच्या महिन्यात सुवार्ता सगळ्यांपुढं उभी राहून देवानं बरं केल्याची साक्ष देईल.

झाली का पंचाईत! साक्ष म्हणजे देवासमोर दिलेला शब्द. पर्समध्ये गोळ्या ठेवून बरी झाले म्हणायचं कसं? खोटं बोलायला नको म्हणून या भल्या बाईनं काय करावं, तर गोळ्याच बंद केल्या. डॉक्टरांना विचारलं नाही, शमुवेलला सांगितलं नाही. राग येतो ऐकून. पण सासूनं दिलेला शब्द मोडायचा की देवापुढं खोटं बोलायचं, या कात्रीत सापडलेल्या माणसाला शहाणपण शिकवणं सोपं असतं.

साक्षीचा रविवार उजाडला. बाकावर शेजारी आक्का, शमुवेल पलीकडं पुरुषांच्या बाजूला. गीत सुरू झालं, तर त्यातही आवाज, आणि आता दोन. ऊठ. पळ. रंकाळा कुठं लांब हाय? सुवार्तानं बाकाची कड बोटं दुखेपर्यंत धरून ठेवली. आज गोड बोलून घरी गेलो तर उद्या आपण नसू, हे तिला स्वच्छ कळत होतं. उठून खरं बोलावं तर आक्कांची अब्रू जाणार, आणि आपल्याला जन्मभर वेडी म्हणणार. पाळकांनी तिचं नाव घेतलं, तेव्हाही तिचं काही ठरलं नव्हतं.

ती उभी राहिली. सगळे कौतुकानं बघत होते.

"माझं डोकं कधी दुखतच न्हवतं," ती म्हणाली. "मला स्किझोफ्रेनिया हाय. आवाज ऐकू येत्यात, आत्ताबी येत्यात. बरी झाले म्हणता यावं म्हणून मी गोळ्या सोडल्या. येशूनं मला सोडलेलं न्हाय, ही माझी साक्ष. पण मला लई भ्या वाटतंय. मला एकटीला घरी जाऊ दिऊ नका."

शमुवेल बाकांमधनं वाट काढत निघाला, त्याच्या आधी आक्का उठल्या. आता ही म्हातारी सुनेला हाताला धरून खाली बसवणार, असंच सगळ्यांना वाटलं. सुवार्तालाही. आक्का मंडळीकडं वळल्या.

"माझ्या आईला हेच हुतं," आक्का म्हणाल्या. "आम्ही तिला आतल्या खोलीत कोंडून ठेवली. ती तिथंच गेली. मला हिला तशी जाऊ द्यायची न्हाय."

पाळकांनी उपदेश बाजूला ठेवला. मंडळीनं त्या आजाराचं नाव घेऊन प्रार्थना केली, चर्चमध्ये पहिल्यांदा. आवाज थांबले का? कसले थांबतायत! सुवार्ताच्या कानात ते शिव्या देतच होते. पण तिच्या खांद्यावर माणसांचे हात होते, आणि तिला रडू फुटलं.

तासाभरात तिघं सरकारी दवाखान्याच्या तातडीच्या विभागात पोचली. रविवारची गर्दी, बाकड्यांवर दाटीवाटीनं माणसं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय होतंय? सुवार्ता बोलायच्या आधी आक्कांनी सुनेचा हात धरला आणि आजाराचं नाव सांगितलं. जीभ दोनदा अडखळली, तरी पुरतं सांगितलं, मागच्या माणसांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.