तालमीपुरती बायको

तीन वर्षं झाली, पण आठवलं की अजून जिवाला गार वाटतं.

महिनाभर आमच्या ईट गावच्या शाळेत संध्याकाळी तालमी चालल्या आणि महिनाभर मी माझ्या नवऱ्याची नाटकातलीही बायको होते. जत्रेत करायचं नाटक जुनं, गाजलेलं. नवरा-बायकोचं फाटतं, बायको ट्रंक भरून निघते, शेवटी नवरा "माझं चुकलं" म्हणतो, तेव्हा कुठं ती ट्रंक खाली ठेवते. माझे संवाद मला तोंडपाठ होते. त्याचेही.

ते एक वाक्य मात्र तो तालमीत कधी म्हणालाच नाही. तिथं आला की घड्याळ बघायचा. "ते स्टेजवर म्हणतो. फुडं चला." समोर मी उभी असायचे ना! एकोणीस वर्षांच्या संसारात जे तोंडातून निघालं नाही, ते चार लोकांदेखत कसं निघणार?

जत्रेच्या आदल्या दिवशी सोलापूरहून ठरवलेली नटी आली. मला कुणी सांगितलंच नव्हतं. नाटक मंडळातल्या एकानं विचारलं, "मग वहिनी?"

नवरा हसून म्हणाला, "तालमीपुरती ठीक हाय की ती. स्टेजवर हिला कोण बघतंय?"

आणि माझ्या हातात नाटकाची वही दिली. विंगेत बसून विसरलेली वाक्यं सांगायची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, तरी मी वही घेतली. शेवटच्या पानावर काय होणार, हे मला तेव्हाच दिसलं होतं.

जत्रेला मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन अंक मी इमानदारीत सांभाळले. तो अडला की शब्द पुरवले. शेवटी नटीनं ट्रंक उचलली आणि ती थांबली. नवरा गप्प. कधी म्हटलंच नाही, तर आठवणार कुठून? त्यानं विंगेकडं पाहिलं. मी वही मिटली. त्यानं डोळे वटारले, मी निवांत बसून राहिले. कुणीतरी शिट्टी मारली. त्याच्या कपाळावरचा रंग घामानं ओघळायला लागला.

"अगं, सांग की!" तो पुटपुटला.

मग मी उठले, विंगेतल्या निवेदनाच्या माइकजवळ गेले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "माझं चुकलं, म्हणा."

माझा आवाज अख्ख्या गावानं ओळखला. नटीकडं पाठ करून, माझ्याकडं बघत तो म्हणाला, "माझं चुकलं."

"मागं ऐकू गेलं न्हाय. मोठ्यानं म्हणा."

त्यानं मोठ्यानं म्हटलं. पुढं बसलेल्या बायकांनी टाळ्या सुरू केल्या, त्या थांबेचनात. नटीनं ट्रंक खाली ठेवली आणि पडदा पडला.

घरी जाताना तो फणफणला, "ते नाटकातलं व्हतं. ध्यानात ठेव."

"व्हय," मी म्हटलं, "तालमीपुरतं ठीक व्हतं."