ताटावरचा हात

आमचे सर पुण्यात बसतात आणि मी वर्ध्याला, पिपरी मेघेत, आईबाबांच्या घरी. आमची कंपनी नेटवर्कच्या पेट्या बनवते. त्या पेट्यांच्या कर्नेलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी पोटातला, नेटवर्कचा कोड मी सांभाळते. काचबिंदूने बाबांची नजर गेली तेव्हा भांडून घरून काम करायची परवानगी मिळवली. सरांनी ती उपकार केल्यासारखी दिली आणि काढून घ्यायची धमकी दर मीटिंगला हसत हसत देत राहिले. पेटी कुठेही बंद पडो, सरांचं निदान ठरलेलं: वर्ध्यातून काम केलं की असंच होणार. जणू दोष सेवाग्रामला गाडीत बसतो आणि पुण्याला उतरतो.

एक दोष मात्र खरंच छळवादी होता. वर्दळ वाढली की पेटी मध्येच मान टाकायची. शोध घ्यायला म्हणून मी कोडमध्ये एक ओळ घातली, "इथवर पोचलो" असा संदेश छापणारी, आणि दोष गायब. आमच्या धंद्यातलं हे जुनं दुखणं आहे. छापण्यात क्षणभर जातो, तेवढ्यात दोन कामांची टक्कर टळते, दोष मात्र जागच्या जागी असतो. हे मी सरांना नीट समजावलं. सर म्हणाले, मग ओळ राहू दे की. त्या ओळीसकट पेट्या गिऱ्हाइकांकडे गेल्या, पुण्यात दुरुस्तीचा केक कापला, आणि मी इकडे वरणभात खाल्ला.

पुढच्या आवृत्तीला सरांनी सफाई मोहीम काढली. फालतू ओळी उडवा, कोड कसा लख्ख दिसला पाहिजे. पहिली कोणती ओळ उडाली ते सांगायला नको. पेट्या पुन्हा माना टाकू लागल्या आणि सरांचा फोन आला: शुक्रवारपर्यंत दोष गेला नाही तर सोमवारपासून तू पुण्यात. वर आणखी एक अट, त्यांनी लिहिलेल्या भागाला हात लावायचा नाही. दोष नेमका तिथेच होता. मी पुण्याला गेले तर बाबांना दवाखान्यात कोण नेणार? आईला त्यांना घेऊन ऑटोत चढायचीसुद्धा धास्ती वाटते. इतका संताप आला की लॅपटॉप मिटून मी जेवायला जाऊन बसले.

"काय झालं व माय?" बाबा म्हणाले. "तुया जेवायचा आवाज येऊन नाई राह्यला."

मग मी त्यांना घरातल्याच गोष्टीवरून सांगितलं. बाबा सावकाश जेवतात. घास चावताना त्यांचा हात मांडीवर असायचा. आईला सगळ्याची घाई, तिला वाटायचं झालं यांचं, ती ताट उचलायची, आणि बाबा पोळीकडे हात न्यायचे तो थेट फरशीवर. पेटीतही हेच चाललं होतं. एकाला वाटतं काम संपलं, तो जागा मोकळी करून टाकतो, आणि दुसरा अजून तिथेच जेवतो आहे. आमच्या घरी त्यावर उपाय झाला होता. बाबा डावा हात ताटाच्या काठावर ठेवतात, तो तिथे असेतो आई ताटाला शिवत नाही. कोडमध्येही असा हात ठेवायची सोय असते. आमच्याकडे ती होती. काम वेगात व्हावं म्हणून काही वर्षांपूर्वी सरांनीच ती काढून टाकली होती, आणि त्या वेगाबद्दल ते अजून भाषणं देतात.

"मंग तुया त्या सरले एकदा जेवाले बोलाव," बाबा म्हणाले. "ताट मी उचलतो."

मी हसले, आणि राग होता तिथेच राहिला. त्या रागातच सरांच्या लाडक्या भागात शिरले आणि हात परत जागेवर ठेवला. पेटीवर जमेल तेवढी वर्दळ सोडून पाहिली. पेटी हूं की चूं करेना.

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये सर एकदम खुशीत. त्यांच्या भागाला हात लावल्याचं त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं, कारण दुरुस्ती त्यांनी वाचलीच नव्हती. म्हणाले, हे सगळ्यांचं श्रेय आहे, तेव्हा दुरुस्तीच्या नोंदीत माझंही नाव येऊ दे. आणि शिस्त म्हणून सोमवारी पुण्याला यायचं तेवढं बघ.

"सर, तुमचं नाव आहेच त्यात," मी म्हटलं.

"हो का? कुठे?"

"दोष कोणत्या जुन्या बदलामुळे आला, ते खाली लिहायची पद्धत आहे ना आपली. तिथे तुमचा बदल दिलाय. उघडला की नाव दिसतं."

सगळ्यांचे माइक बंद होते, तरी चेहरे दिसत होते. सरांनी तो बदल तिथेच उघडून वाचला. सोमवारचं काय, असं मीच मुद्दाम विचारलं. बघू, सध्या राहा तिकडेच, म्हणाले, आणि घाईने पुढच्या विषयाकडे वळले.

सोमवारी मी बाबांना दवाखान्यात नेलं. ऑटोत त्यांनी माझा दंड धरला होता. सर जेवाले कधी येऊन राह्यले, म्हणून विचारू लागले. मी म्हटलं, बाबा, त्यायचं जेवण झालं.