जुने देव सोडलेल्या दोघींसोबत गॉलवेला

गॉलवेला जायचं कधीपासून डोक्यात होतं, पण दर वेळी काही ना काही आडवं यायचं. पाऊस, ऑफिसचं रिलीज, नाहीतर माझा आळस. शेवटी मुहूर्त लागला तो शेजारणीची गाडी बंद पडल्यामुळे. नगोझी माझी आयर्लंडमधल्या नावन गावातली शेजारीण, इथल्याच हॉस्पिटलात नर्स, मूळची नायजेरियाची, इग्बो समाजातली. शुक्रवारी संध्याकाळी दारात उभी राहून म्हणाली, "प्रज्ञा, तुला गॉलवे बघायचंय ना? मग उद्याच चल. पेट्रोल माझं."

घाईचं कारण होतं. गॉलवेत चिदी नावाचा मुलगा आहे, मेडिकल डिव्हाइस बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. नगोझीला त्याच्याशी लग्न करायचंय. त्याचे आईवडील लहानपणीच गेले, काका-काकूंनी वाढवलं. नगोझीची आई महिन्याभरासाठी आलेली, तर रविवारी चर्चनंतर काकांकडे जेवण आणि पहिली भेट. म्हणजे थोडक्यात, पसंतीचा कार्यक्रम. काकांनी हो म्हटलं की झालं. नाही म्हटलं तर काय, हे नगोझीला विचारायची माझी हिंमत नव्हती.

माझी आईही तेव्हा अकोल्याहून आलेली होती. तिला एकटीला घरी ठेवून कुठे जाणार? शिवाय तिची आणि नगोझीच्या आईची (त्यांना सगळेच मम्मी म्हणतात, मीही) कुंपणावरून गट्टी जमलेली. एकीला इंग्रजी येत नाही, दुसरीला मराठी. तरी रोज मिरच्यांची देवाणघेवाण.

शनिवारी सकाळी निघालो. मागच्या सीटवर दोघी आया आणि मध्ये सीटबेल्ट लावलेलं भलंमोठं पातेलं. त्यात मम्मीचा जोलोफ राईस, म्हणजे टोमॅटो आणि लाल मिरचीत शिजवलेला त्यांचा भात. काकांकडे रिकाम्या हाताने कसं जायचं!

जाणाऱ्यांसाठी सांगते. नावनहून डब्लिनला वळसा घालून जाता येतं, पण एम-फिफ्टी या रिंगरोडची कटकट मला नको होती. मी अ‍ॅथबॉय, मलिंगार करत किलबेगनला एम-सिक्स महामार्ग पकडला. सुरुवातीचा रस्ता अरुंद आहे, ट्रॅक्टर पुढे आला की त्याच्यामागे मुकाट चालायचं. एम-सिक्स लागला की मात्र गॉलवेपर्यंत सरळसोट. बॅलिनास्लोनंतर टोल आहे, दोनेक युरो, कार्ड चालतं. अ‍ॅथलोनला चहा घ्या. तिथले स्कोन मोठे आणि ताजे होते, आईने एक खाल्ला आणि म्हणाली, "हे तं गोड बाटी हाये."

अ‍ॅथलोनच्या पुढे आम्ही महामार्ग सोडून थोडं आत गेलो. तिथे एका संताच्या नावाची विहीर आहे आणि शेजारच्या झाडाला चिंध्या बांधलेल्या. रुमाल, बाळाचे मोजे, जपमाळा, इनहेलरसुद्धा. दुखणं चिंधीबरोबर जातं म्हणे. आयरिश लोक ख्रिस्ती व्हायच्या आधीपासूनचं हे काहीतरी असावं. मला फोटोला झकास वाटलं. आई लगेच म्हणाली, "अवो, नवसाचं झाड!"

मम्मी मात्र गाडीतून उतरल्याच नाहीत. काच वर घेतली आणि समोर बघत बसल्या. नगोझी म्हणाली, "राहू दे, तिला असली झाडं आवडत नाहीत."

आता मी गप्प बसावं की नाही? पण नाही. मला नुकताच एका पॉडकास्टचा किडा चावला होता. गाडी सुरू करता करता म्हणाले, "मम्मी, एक विचारू? ख्रिस्ती धर्म तर गोऱ्यांनी आणला. गुलाम केलं तेही त्यांनीच. तुमचे स्वतःचे देव होते, पूर्वज होते. मग ते सोडून यांचा देव का धरलात?"

नगोझीने माझ्याकडे अशी नजर टाकली की बस्स. मम्मीने काच खाली घेतली. मग म्हणाल्या, "आमचे देव होते हे खरं. पण पोरी, आम्ही त्यांचे होतो."

मला काही कळलं नाही. विचारायचीही सोय उरली नव्हती. पुढे गॉलवेपर्यंत आम्ही हवेवर बोललो.

सॉल्टहिल हा गॉलवेचा समुद्रकाठ. आमचं बी-अँड-बी तिथेच होतं. उन्हाळ्यात जाणार असाल तर खूप आधी बुक करा, आम्हाला एकच खोली मिळाली आणि तीही चिदीच्या ओळखीने. काठाने लांबलचक फरसबंद रस्ता आहे आणि शेवटी एक भिंत. इथपर्यंत चालत आलं की भिंतीला लाथ मारायची, हा गॉलवेकरांचा रिवाज. का, ते कुणालाच सांगता येत नाही. मम्मी थबकल्या. "या भिंतीत काही आहे का?"

"काही नाही गं मम्मी," नगोझी म्हणाली. "नुसती क्रॅक, आयरिश लोकांची. मजा."

खात्री पटल्यावर मम्मीने स्कर्ट सावरून अशी लाथ हाणली की शेजारचा आयरिश म्हातारा टाळ्या वाजवायला लागला. मग आईनेही पायातल्या स्पोर्ट्स शूजची हौस फेडली. दोघी हसून हसून बाकावर बसल्या, आणि तिथे मम्मी आपणहून बोलल्या. मी आईसाठी भाषांतर करत होते.

मम्मीच्या गावात एक मोठं देवस्थान होतं. त्यांच्या खापरपणजोबांना कुणीतरी त्या देवाला वाहिलं. वाहिलेल्यांना ओसू म्हणतात. एकदा ओसू झालं की पोरंबाळं, नातवंडं सगळी ओसू. राहायचं देवळाच्या मागे. त्यांच्या हातचं कुणी खायचं नाही, त्यांच्यात मुलगी द्यायची नाही, मेल्यावर पुरायचं तेही वेगळं. मग मिशनरी आले. गावातल्या मोठ्या घरांनी त्यांना हसून घालवलं. चर्चच्या बाकावर पहिले जाऊन बसले ते ओसू. "माझी आजी सांगायची," मम्मी म्हणाल्या, "त्या पाद्र्याने तिच्या बापाच्या हातून पाणी घेतलं आणि प्यायला. सगळ्यांसमोर. बायबलमध्ये काय आहे ते आम्हाला नंतर कळलं. आधी ते पाणी."

थोडं थांबून म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या मुली परंपरा परंपरा करता. माझा मुलगाही. तो डब्लिनजवळच्या टॅलात राहतो, गळ्यात मणी घालतो, म्हणतो की गोऱ्यांनी आपल्या देवांना सैतान ठरवलं. ते त्याचं खरंही आहे. पण परंपरेत तुला कुठे बसवलं होतं, ते आधी बघ म्हणावं."

मी हे सगळं आईला सांगत होते आणि सांगता सांगता माझाच आवाज बारीक होत गेला. आई मम्मीकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"अन् तू तिले इचारलं, देव काऊन सोडले म्हनून? तू?"

हे आता वाचणाऱ्यांना सांगायला हवं. आमच्या घरात देव्हारा नाही. आजोबांनी नागपुरात दीक्षा घेतली, घरी आले आणि देव उचलून नदीत सोडले. आजी रडली होती, पण देवांसाठी नाही, पितळेच्या घंटीसाठी. ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली की ती गोष्टच वाटायची. पॉडकास्टमधले लोक परके आणि आजोबा आपले, दोन्हीकडची गोष्ट एकच हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लाज वाटली, दुसरं काय.

आई मला म्हणाली, "तिले सांग. म्हना, आमीबी सोडले. त्याइच्या इहिरीवर आमाले पानी नोतं." मी सांगितलं. मम्मीने विचारलं, "मग आता तुम्हाला कोणी काही म्हणत नाही?" आई म्हणाली, "म्हनत नाई. आडनाव इचारते." मम्मी हसल्या. म्हणाल्या, "आमच्यात गाव विचारतात."

तेव्हा नगोझी मध्ये बोलली. "म्हणूनच सांगतेय मम्मी, उद्या काकांनी विचारलं तर शहराचं नाव सांग. गावाचं नको. प्लीज." मम्मी स्कर्ट झटकून उठल्या.

रविवारचं चर्च म्हणजे इंडस्ट्रियल इस्टेटमधला भाड्याचा हॉल. बाहेरून टायरचं गोडाऊन वाटेल. आत ढोल, कीबोर्ड, बायकांच्या डोक्यावर चमकदार फेटे, आणि गाणी इग्बोत. देवाला हाक मारतात तीही चुक्वू म्हणून, हे त्यांच्या जुन्या सर्वश्रेष्ठ देवाचंच नाव. चिदी हसून म्हणाला, "नाव तेच ठेवलं, हिशोब बदलला." चहाच्या वेळी मी आणखी दोघातिघांना विचारलं, या खेपेला जरा नीट. एकीला शाळा चर्चने दिली होती. एक इथिओपियाचा होता, तो जवळजवळ चिडला. त्यांचं चर्च आयर्लंडच्या चर्चपेक्षा जुनं, गोऱ्यांनी शिकवलं हे तो ऐकूनच घेईना. एका अमेरिकन मुलीने सांगितलं, तिच्या पूर्वजांचे देव जहाजातच हिरावले गेले, मग जे हाती लागलं त्यातून त्यांनी स्वतःचं चर्च घडवलं. आणि एक जण म्हणाला, "इथे आलो तेव्हा खोली आणि नोकरी दोन्ही याच हॉलमध्ये मिळाली. आणखी कारण कशाला?" एका प्रश्नाला एकच उत्तर असेल, ही माझीच समजूत.

काकांचं घर जवळच होतं. काका बस चालवतात, बोलायला गोड. काकूंनी मासे केले होते. मम्मीचं पातेलं टेबलाच्या मधोमध, काकांनी स्वतःच्या हाताने भात वाढून घेतला. नगोझीचा चेहरा खुलला. मग काकांनी अगदी सहज विचारलं, "मम्मी, तुमचं गाव कोणतं? आणि गावात कोणता भाग?"

आईला इंग्रजीचा एक शब्द कळत नाही. पण तिने जेवणारा हात थांबवला आणि माझ्या कानात म्हणाली, "इचारलं ना त्यानं?"

मम्मीने गावाचं नाव सांगितलं. भागाचं सांगितलं. मग देवस्थानाचंही सांगितलं, न विचारता. "आम्ही त्यांचे होतो," त्या म्हणाल्या. "आता नाही. आता आम्ही त्याच देवाचे, ज्याची गाणी तुम्ही सकाळी म्हणालात."

काकांनी चमचा खाली ठेवला. "ग्रँड," ते म्हणाले. आयर्लंडमध्ये राहिलेल्यांना माहीत आहे, ग्रँड म्हणजे छानही आणि पुरे आता असंही. मग ते रस्त्याच्या कामांबद्दल बोलायला लागले. त्यांच्या ताटातला भात तसाच राहिला. काकूंनी मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतला, जरा जास्तच आवाज करत. आईने तिसऱ्यांदा घेतला. निघताना काका म्हणाले, "घरी फोन करून विचारावं लागेल." नगोझी नावनपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. पातेलं काकूंकडेच राहिलं.

त्यानंतर आईचा एकच घोषा. "पातेलं वापस येईन तवा पाय, रिकामं येते का भरून." आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून तिची ही फूटपट्टी. नगोझी ड्यूटीवर जायची, यायची, जेवायची नाही. मम्मी कुंपणापाशी यायच्या, पण मिरच्या आणायच्या नाहीत.

पुढच्या शनिवारी चिदी एकटाच गाडी चालवत आला, पातेलं घेऊन. घासून लख्ख, आणि रिकामं. आईचं तोंड उतरलं. तो नगोझीच्या किचनमध्ये उभा राहूनच बोलला. गावाकडून नकार आला होता. काका लग्नाला येणार नाहीत. काकू येणार आहेत, त्यांनी काकांना तोंडावर सांगितलं. आणि तो स्वतः थांबणार नाही. "तारीख चर्चला सांगून आलोय," तो म्हणाला आणि मगच रडला. नगोझीने आधी त्याच्या दंडावर एक फटका मारला, मग गळ्यात पडली.

गॉलवे मला आवडलं, समुद्र, मासे, भिंत सगळंच. पण माझ्यासोबत राहिला तो ताटातला भात. देव बदलला तरी प्रश्न त्याच्या मागून चालत येतो, विमानात बसून आयर्लंडलाही येतो. उत्तर देणारं माणूस तेवढं बदलतं.

काल मम्मी आमच्याकडे आल्या. लग्नात मुलाकडच्या पहिल्या रांगेत वडीलधाऱ्यांच्या खुर्च्या असतात, प्रत्येकीवर नाव लावतात. काकांची खुर्ची रिकामी ठेवायला त्या तयार नाहीत. तिथे माझ्या आईने बसावं, चिदीची मोठी आई म्हणून. "पूर्ण नाव सांग, पोरी, कार्डावर छापायचंय."

या ब्लॉगवर आणि इथल्या मराठी मंडळात मी कायम प्रज्ञा प्रकाश आहे. प्रकाश हे बाबांचं नाव. त्यापुढे मी थांबते, म्हणजे पुढचे प्रश्न येत नाहीत. सवयीने म्हणाले, "सुमन प्रकाश."

आई ओट्यापाशी भाकरी थापत होती. मागे न वळताच म्हणाली, "खंडारे. पुरं लिव म्हना."

— प्रज्ञा प्रकाश खंडारे, नावन