पापणीआबांचा डोळा

पापणीआबा बोटाने आपली डावी पापणी वर उचलायचे, तेव्हा मेडशीच्या बैलबाजारात भलेभले घाम पुसू लागत. त्या पापणीत लहानपणापासून मऊ गाठ होती. ती वाढत वाढत डोळ्यावर पडद्यासारखी लोंबू लागलेली. आबा बैलांचे दलाल. आधी दात बघत, मग खूर, आणि शेवटी मालकासमोर उभं राहून सावकाश पडदा वर! मालक आपणहून सांगून टाकी, "जुंपलं का खाली बसते, आबा."

अंगभर शेंगदाण्याएवढ्या गाठी होत्या. नवखा माणूस महारोग समजून दूर सरके. आबा त्याला मुद्दाम शेजारी बसवून चहा पाजत. म्हणत, "लागनारं असतं तं बायको पयले पळाली असती."

गंमत अशी, की तो डोळा आंधळा होता. गाठी नसांवर येतात, आणि डोळ्यातला दाब वाढून तुमची नजर लहानपणीच गेली, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. हे घरच्यांना ठाऊक, आणि शेजारी म्हणून मला. बाजाराला नाही. आबांचा अर्धा धंदा त्या डोळ्यावर चालायचा.

मग वच्छीला, त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, पाहायला धनजचे पाहुणे आले. मुलगा मास्तर. असं स्थळ पुन्हा येणार नव्हतं. आबांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, त्यांना आदल्या दिवसापासून बजावलं होतं, "तोंड बंद ठेवजा." आबांनी चहा येताच तोंड उघडलं.

"बैलाचा ऐब लपवला नाई आजवर, तं पोरीचं काहून लपवू? तिच्या अंगावर चहाच्या रंगाचे डाग हायेत. बुबुळात तपकिरी दाने हायेत, त्यानं नजर जात नाई. पुढं माह्यासारख्या गाठी येतीन. लेकराले बी होऊ शकते. त्याचे डोळे दरसाल डॉक्टरले दाखवा लागतीन."

मुलाचा बाप कपबशीत बघत बसला. मुलाने विचारलं, "मामा, तुमाले त्या डोळ्यानं किती दिसते?"

दाराशी बसलो होतो तिथून मी आबांकडे पाहिलं.

"काईच नाई," आबा म्हणाले.

आतून वच्छीचा आवाज आला. "आबा, ऐब सांगून झाले असतीन तं आता गुन बी सांगा."

मास्तर हसला. आठवड्याने होकार आला. पुढे मुलगा झाला, आणि दर दिवाळीनंतर मास्तर त्याला डोळे दाखवायला अकोल्याला नेऊ लागला. त्याची नजर शाबूत राहिली.

पण आबांचा डोळा आंधळा असल्याची बातमी धनजहून बाजारात पोचलीच. आबा वारले त्याच्या आधीच्या बाजारात मी त्यांच्यासोबत होतो. पोहरादेवीकडचा एक जण बैल घेऊन उभा होता. आबांनी पापणी उचलली. तो माणूस जमिनीकडे बघत म्हणाला, "मागच्या पायात जराक लंगडते, आबा."

परतताना मी म्हणालो, "आबा, आता तं सगळ्याईले मालूम हाये, तुमाले दिसत नाई."

"मले नाई दिसत," आबा म्हणाले. "त्याले तं दिसते ना."